चार मीटरच्या पवनचक्कीचा गिअरबॉक्स : कामाची वही

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीत दादाकडं जाऊन आलो. दादा म्हणजे आत्याचा थोरला. पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या पठारावर त्याचं घर. अंगणातून वनकुसवड्याच्या मोठ्या पवनचक्क्यांची रांग दिसते आणि घरात मात्र पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. गेल्या वर्षी त्याच्यासाठी लाकडाची तीन पाती तासून ठेवली होती, ती गोठ्याच्या माळ्यावर पडून आहेत. जेवताना आत्यानं विचारलं, "ते पंखं कधी फिरायचं रं?" उत्तर नव्हतं. म्हणून ही वही.

हातात काय आहे ते आधी लिहितो. रोटरचा व्यास ४ मीटर, म्हणजे वारा अडवणारं क्षेत्र १२.५७ चौरस मीटर. पठार साडेअकराशे मीटर उंचीवर, हवा विरळ; घनता १.०५ धरली. पाती अशी आखलीत की टोकाचा वेग वाऱ्याच्या सहापट राहावा. वारा सेकंदाला १० मीटर असेल तर टोक ६० मीटर, रोटर २८६ आरपीएम. वाऱ्यातली ३५ टक्के ताकद हाती लागेल असं धरलं तर २३०० वॉट, आणि शाफ्टवर पीळ (टॉर्क) ७७ न्यूटन-मीटर.

जनरेटर म्हणून भंगारातून आणलेली एसी सर्व्हो मोटर. जुन्या सीएनसी मशीनची, १८ न्यूटन-मीटर, १५०० आरपीएम. आत कायमचे चुंबक आहेत, त्यामुळं नुसती फिरवली तरी वीज देते. २८६ वरून १५०० म्हणजे सव्वापाच पट.

खरं बोलायचं तर एवढ्या लहान चक्कीला गिअरबॉक्स असूच नये. बहुतेक लोक रोटरवर थेट बसणारा संथ जनरेटर करतात, भरपूर चुंबकांचा. पण त्या चुंबकांना पैसे पडतात, मोटर माझ्याकडं किलोच्या भावानं आलीय, आणि मी कोल्हापुरात राहतो. उद्यमनगरात गिअर कापून घेणं म्हणजे चहाच्या अंतरावरचं काम.

१६ नोव्हेंबर

पहिला विचार सगळ्यात आळशी. त्याच भंगारवाल्याकडं सर्व्होचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स (मधल्या चाकाभोवती लहान ग्रहचक्रं फिरतात तो) होता, १ला ५ चा. मोटरचा वेग कमी करायला बनवलेला. उलटा लावला की वेग वाढवेल, काम संपलं.

लावला, आणि हातानं रोटरचा फ्लँज फिरवून बघितला. फिरतो, पण चिखलातून पाय काढल्यासारखा. "जड वाटतो" असं वहीत लिहून उपयोग नाही, म्हणून मोजायची सोय केली. फ्लँजला एक मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी आडवी बसवली, पट्टीचं स्वतःचं वजन दुसऱ्या बाजूला नट बांधून तोललं आणि टोकाला पाण्याची बाटली टांगली. वर सलाइनची नळी. बाटलीत थेंब थेंब पाणी पडतंय आणि मी पाटावर बसून बघतोय. ज्या क्षणी पट्टी कलते, तेव्हाचं बाटलीसकट वजन लिहायचं. एक मीटरवर १०२ ग्रॅम म्हणजे १ न्यूटन-मीटर. पाच वेळा, दर वेळी फ्लँज थोडा फिरवून, आणि सगळ्यात वाईट आकडा खरा धरायचा.

प्लॅनेटरी अधिक मोटर : ६८० ग्रॅम.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दिवसभर कागद.

पाती थांबलेली असताना वारा त्यांना किती पीळ देतो? पात्यांची आखणी ज्या वेगगुणोत्तरावर केलीय (वाऱ्याच्या सहापट, म्हणजे ६) त्याच्या वर्गानं अर्ध्याला भागायचं, हा जुना अंदाज. इथं ०.५ भागिले ३६, म्हणजे ०.०१४ च्या आसपास. त्यातून माझ्या रोटरसाठी :

वारा ३ मी/से : १६८ ग्रॅम
३.५ : २२९
४ : २९९
५ : ४६७
६ : ६७३

म्हणजे प्लॅनेटरी लावला तर चक्की ६ मी/से वारा सुटेपर्यंत ढिम्म हलणार नाही. पावसाळ्यात चालेल. उरलेले आठ महिने आत्या तोच प्रश्न विचारणार.

पण एवढं जड का? संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला, आणि गोष्ट इतकी साधी आहे की लाज वाटली. रिडक्शन गिअरबॉक्समध्ये ताकद वेगवान बाजूनं आत येते. तिथल्या ऑइल सीलनं, बेअरिंगनं, ग्रीसनं पाव न्यूटन-मीटर खाल्लं तर मोटरच्या १८ पुढं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्याकडं ताकद संथ बाजूनं येते. वेगवान शाफ्टवरचं तेच पाव न्यूटन-मीटर रोटरवर पाचपट होऊन बसतं. सव्वा न्यूटन-मीटर! तीन मीटरच्या वाऱ्याची पाऊण कमाई एका रबरी कड्यानं खाल्ली.

म्हणजे उलटा लावलेला रिड्यूसर हा वेग वाढवणारा गिअरबॉक्स नव्हे. दाते तेच, हिशेब वेगळा. यापुढं जे काही वेगवान शाफ्टला स्पर्श करेल त्याच्यापुढं सव्वापाचनं गुणून लिहायचं.

४ डिसेंबर

दादाचा फोन. "आरं, पिठाच्या गिरणीला पट्टा चालतो, मग ह्याला काय धाड भरलीय?"

धाड भरलेली नाही. दातेरी पट्ट्याचा विचार मी आठवडाभर केलाय आणि अजूनही वाटतं की दुसरा कुणी असता तर त्यानं पट्टाच लावला असता. पण पट्ट्याला ताण द्यावा लागतो, तो ताण वेगवान बेअरिंगवर येतो, परत गुणिले सव्वापाच. शिवाय १२ मीटरच्या खांबावर चढून पट्टा ताणायला कोण जाणार? दादा म्हणाला, "मी न्हाय."

प्लॅनेटरी स्वतः करायचा मोहही सोडला. मोठ्या पवनचक्क्यांत रोटर मिनिटाला वीसेक फेरे मारतो, पीळ अफाट, तिथं तीन ग्रहचक्रांनी तो वाटून घेणं भाग आहे. माझे ७७ न्यूटन-मीटर एक साधी जोडी आरामात पेलते. एका टप्प्यात, सरळ दात्यांचे दोन गिअर. वेगवान शाफ्ट एकच, त्यावर बेअरिंग दोन, बाहेर निघणारं टोक एक. स्पर्श जितके कमी तितकं बरं.

मॉड्यूल (दात्याचं माप) २.५. पिनियनला (लहान गिअरला) १७ दाते (त्याखाली गेलं की २० अंशाच्या दात्याचं मूळ कापलं जातं), गिअरला ८९. दोन्ही मूळ संख्या, म्हणून खूश होतो.

उद्यमनगरात हॉबिंगवाल्या (गिअरचे दाते कापणाऱ्या) काकांनी कागद बघितला आणि चष्मा कपाळावर चढवला. "८९ कुठनं काढलासा? त्याला ८९ चंच चेंज गिअर लागतंय. आमच्या पेटीत न्हाई. ८८ घ्या की, आठ अकरे अठ्ठ्याऐंशी, लगेच बसतंय."

घरी येऊन पडताळलं. १७ आणि ८८ ला सामाईक भाजक नाही. पिनियनचा एक ठरावीक दात गिअरच्या त्याच दात्याला ८८ फेऱ्यांनंतरच भेटणार, मधल्या काळात बाकीच्या सगळ्यांना भेटून. झीज सारखी वाटली जाते. ८९ चा हट्ट नुसताच शोभेचा होता. गुणोत्तर ५.१७६, केंद्रांतर १३१.२५ मिमी. ठरलं.

२१ डिसेंबर

दाता किती भार सोसणार याचा हिशेब. चालू भार फार नाही : पिनियनवर १४.९ न्यूटन-मीटर, दात्यावर ७०० न्यूटन. खरा धक्का ब्रेकचा आहे. वादळ आलं की मोटरच्या तिन्ही तारा एकत्र जोडायच्या, मोटर स्वतःच रोटरला धरते. त्या क्षणी मोटर तिच्या नेहमीच्या पिळाच्या कितीतरी वर जाते. ४५ न्यूटन-मीटर धरले. दात्यावर २१०० न्यूटन. रोटरच्या बाजूनं बघितलं तर २३३ न्यूटन-मीटर, म्हणजे वाऱ्यानं कधी दिला नसता इतका पीळ आम्हीच देणार.

रुंदी ३० मिमी घेतली. वाकण्याचा ताण वेगाचा गुणक धरूनही १४५ एमपीएच्या आत. पृष्ठभागाचा ताण एरवी ३८० आणि ब्रेकच्या वेळी ६६५. म्हणजे दाता मोडण्याची भीती नाही, खड्डे पडण्याची आहे. वर्षात ४००० तास आणि सरासरी १००० आरपीएम धरलं तर पिनियनचा एकेक दात वर्षाला २४ कोटी वेळा मार खातो.

पिनियन शाफ्टमध्येच कापलेला, ईएन-३५३ पोलाद, केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक). गिअर ईएन-२४, हार्डन-टेम्पर करूनच कापायचा. ग्राइंडिंगचा खर्च विचारला आणि गप्प बसलो. बिनग्राइंडचाच.

रोटरचं वजन गिअरबॉक्सवर टांगायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. चक्की वाऱ्याबरोबर तोंड फिरवते तेव्हा फिरता रोटर भोवऱ्यासारखा विरोध करतो आणि शाफ्ट वाकवतो. तो भार दात्यांपर्यंत पोचला तर दाते तिरके भेटणार. म्हणून ५० मिमीचा वेगळा मुख्य शाफ्ट, दोन यूसीपी २१० बेअरिंग ब्लॉकवर. गिअरबॉक्सकडं फक्त पीळ जाईल, स्पायडर कपलिंगमधून.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर दुपारी गिअरबॉक्सच्या घराचं (बाहेरच्या पेटीचं) ड्रॉइंग पुरं केलं. बीड ओतायचं म्हटलं तर एका नगासाठी पॅटर्न करायचा, परवडत नाही. १२ मिमी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) दोन प्लेटा आणि मधे पट्टीची चौकट, वेल्डिंग करून. गिअर खाली, पिनियन वर. गिअरच तेल उचलून पिनियनला पाजेल. वेल्डिंगनंतर भट्टीत ताण काढायचा आणि मग दोन्ही प्लेटांचे बोअर (बेअरिंगची भोकं) एकाच सेटिंगमध्ये. हा क्रम मीच लाल पेनानं अधोरेखित करून दिलाय. (पुढच्या नोंदी वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.)

६ फेब्रुवारी

पिनियन भट्टीतून आला. कडकपणा ५९ एचआरसी. रंग राखाडी, दात्यांच्या कडेला थोडी खपली. शाफ्ट ०.०४ वाकलाय, बेअरिंगच्या जागा ग्राइंड केल्यावर जाईल.

बोअर झाले. केंद्रांतर १३१.३१ आलं, म्हणजे ०.०६ जास्त. त्यानं दात्यांतली ढिलाई ०.०४ मिमीनं वाढते. चालेल, उलट बरंच आहे.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, बाहेर हलगी वाजतेय आणि मी शेडमध्ये डोकं धरून बसलोय.

काय केलं : मोटर बसवायचा ब्रॅकेट ड्रॉइंगमध्ये विसरला होता. काल संध्याकाळी वेल्डर मोकळा दिसला. म्हटलं, चार टाके मारायचेत फक्त. मागच्या प्लेटवर ब्रॅकेट वेल्ड करून घेतला. बोअर झालेल्या प्लेटवर. लाल पेन खिशातच होतं.

आज गिअर भरले, पिनियनच्या दात्यांना निळी शाई लावली आणि फिरवलं. गिअरवर उमटलेला डाग ३० मिमीच्या रुंदीत जेमतेम १० मिमी, तोही सगळा मोटरच्या बाजूला. दाते एका कडेवर नाचतायत. डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावला तर मागच्या प्लेटचा पिनियनचा बोअर जागचा हललाय. एवढ्या मोठ्या प्लेटला चार टाक्यांनी काय होतंय, असं वाटलं होतं. झालं.

वेल्डरला काही बोललो नाही. त्यानं सांगितलं तेवढंच केलं.

९ मार्च

ब्रॅकेट ग्राइंडरनं कापून काढला, प्लेट पुन्हा भट्टीत. पिनियनचे दोन्ही बोअर ६२ वरून ६८ ला मोठे केले, बुश (आतली कडी) ठोकले आणि एकाच सेटिंगमध्ये परत ६२. केंद्रांतर १३१.२८. ब्रॅकेट आता बोल्टनं. शाईचा डाग २४ मिमी रुंद, मधोमध. तीन आठवडे आणि बुशांचा खर्च.

२९ मार्च

उद्या पाडवा. त्याआधी बाटली पुन्हा बाहेर काढली. गिअरबॉक्स अधिक मोटर, सगळं नवं कोरं : ४८० ग्रॅम. म्हणजे ५ मी/से शिवाय हलणार नाही. प्लॅनेटरीपेक्षा बरं, पण एवढ्यासाठी पाच महिने घालवले नव्हते.

आता एकेक गोष्ट काढून मोजायची. आज दिवसभरात झालं ते असं :

मोटरच्या नाकावरचं ऑइल सील काढलं. तिथं तेल येणारच नाही, मधे कपलिंग आहे. ४३०.

वेगवान शाफ्टचं ऑइल सील काढून बघितलं. ३१०. एका सीलचे १२० ग्रॅम! सील हातात घेऊन पिळून बघितलं, बोटांना काहीच लागत नाही. त्याचा स्वतःचा अडथळा पाव न्यूटन-मीटरलाही पोचत नाही, पण गुणाकार. त्याच्या जागी स्पर्श न करणारा लॅबिरिंथ करायचा : शाफ्टवर खाचांचं कडं, बाहेर गनमेटलची रिंग, मधे ०.२ मिमी फट आणि खाली तेल परत जायला भोक. तेलाची पातळी त्या शाफ्टच्या बरीच खाली आहे, नुसते शिंतोडेच अडवायचेत.

पिनियनची बेअरिंगं मी सवयीनं दोन्ही बाजूंनी रबर असलेली आणली होती. आत तेलच उडतंय, रबर कशाला? चाकूच्या टोकानं चारही रबरं काढली, ग्रीस डिझेलनं धुतलं. २८०.

संथ शाफ्टचं सील दुहेरी ओठाचं होतं, एकेरी लावलं. २३५. इथं गुणाकार नाही, त्यामुळं ४० मिमीच्या शाफ्टवरचं एवढं मोठं सील बदलूनही फक्त ४५ मिळाले. तिकडच्या चार फडतूस रबरांनी ३० दिले होते.

२३५ मध्ये आता मुख्यतः मोटरच्या चुंबकांचं अडखळणं उरलंय. शाफ्ट हातानं फिरवला की टक-टक जाणवतं. त्याला हात लावता येणार नाही.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. उद्यमनगर निम्मं रिकामं, लॅबिरिंथची रिंग सोमवारनंतर. तेलाचा निर्णय तेवढा घेतला. सगळे २२० ग्रेड (घट्टपणाचा आकडा) सांगतात. पठारावर डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांवर येतो आणि तिथं ते तेल चाळीस अंशांच्या मानानं सहा-सातपट घट्ट होतं. माझ्या दात्यांवर भार कमी. सिंथेटिक १०० घेतलं.

४ मे

लेथवर चाचणी. लेथच्या चकमधून संथ शाफ्ट फिरवला, मोटरवर हीटरचा भार. दोन तास. घराचं तापमान खोलीपेक्षा १८ अंश वर जाऊन थांबलं. लॅबिरिंथमधून एक थेंब नाही.

पण आवाज. बिनग्राइंडच्या सरळ दात्यांचा, एकाच सुरातला. मी कानावर हात ठेवला. दादा मुद्दाम बघायला आला होता. तो गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मान तिरकी करून ऐकत होता. म्हणाला, "काळी चार."

मला वाटलं थट्टा करतोय. मग गणित केलं. गिअरला ८८ दाते, रोटर २८६ आरपीएम. सेकंदाला ४१९ वेळा दाता दात्यावर बसतो. काळी चारचा सूर ४१५. लेथ थोडी कमी केली असती तर बरोबर लागला असता.

मग आम्ही दोघं तासभर त्याच नादात. १७८ आरपीएमला पांढरी एक. २०० ला पांढरी दोन, अगदी नेमकी. २६७ ला पांढरी पाच. ३०० ला पांढरी सहा, आणि तिथंच शेपूट दुमडून चक्की वाऱ्यातून बाजूला व्हायला हवी. दादानं पेटी नसतानाही सगळे सूर ओळखले. जाताना म्हणाला, "मग मीटर कशाला बसवतोयस?"

२५ मे

आज खांब उभा करायचा होता. पाऊस आज तळकोकणात पोचला म्हणे, इतक्या लवकर. पण इकडं वळीव आधीपासूनच मुक्काम ठोकून आहे. पठारावर धुकं, पायाचा खड्डा पाण्यानं भरलेला. आत्यानं भजी केली. परत आलो.

८ जून

उघडीप मिळाली. सकाळी सात ते दुपारी तीन. १२ मीटरचा खांब बिजागरीवर, हाताच्या विंचनं उभा केला. वर चढवण्याआधी मुख्य शाफ्टसकट शेवटची बाटली : २७० ग्रॅम. यूसीपीच्या ग्रीसनं ३५ घेतले. हिशेबानं ३.८ मी/से.

खांब उभा राहिला, ताण बांधले, ब्रेकच्या तारा सोडल्या. काही नाही. पाती डुलली आणि थांबली. वारामापक ३.२, ३.५, ३.३. दादाचा धाकटा विचारतो, "काका, बिघडलं?" ४.१ ची झुळूक आली, पाती सरकली, एक फेरा, दुसरा, आणि मग वारा ३.५ ला उतरला तरी थांबली नाही. एकदा सुटली की पाती स्वतःच हवा पकडतात.

आत्या दारात येऊन बघून गेली. काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला.

२९ जून

शेपटाची बिजागरी अडकत होती म्हणून खांब खाली घेतला. आणि जी गोष्ट एकाही कागदावर नव्हती ती घडली.

खांब आडवा होत आला तशी पाती जमिनीला लागतील म्हणून दादानं आणि मी रोटर हातांनी वर ढकलला. साहजिकच मोटरची बाजू खाली गेली. गिअरबॉक्स आता उभ्या शाफ्टवर, लॅबिरिंथ तळाला. लॅबिरिंथला ०.२ मिमी फट आहे. ती मीच ठेवलीय.

आधी मोटरच्या ब्रॅकेटवरून मधासारखी धार आली. मग मोटरच्या नाकातून आत. ज्या नाकावरचं सील ५० ग्रॅम वाचवायला मी काढलं होतं. उरलेलं तेल दादाच्या शर्टावर आणि गवतावर. लिटरभर महागाचं सिंथेटिक.

मोटर खोलून कोल्हापूरला आणली. आत पुसलं, बेअरिंग बदललं. गुंडाळी शाबूत आहे.

६ जुलै

आषाढी. दादा भजनात, फोन बंद. मी कागदावर.

सील परत लावायचं नाही, हे नक्की. १२० ग्रॅम कायमचे द्यायचे, ते वर्षातून दोनदा खांब खाली येतो म्हणून? त्यापेक्षा खांब खाली घेतानाच शाफ्ट आडवा राहील असं करायचं. चक्कीचं तोंड खांबाच्या एका बाजूला वळवून तिथंच खिळ घालायची. मग खांब आडवा झाला तरी दोन्ही शाफ्ट जमिनीला समांतर. गिअरबॉक्स कुशीवर पडतो, तेच तेल लांब बाजूवर पसरतं आणि पातळी शाफ्टपासून आठ-नऊ सेंटिमीटर खाली राहते. फट कोरडी.

आता पाती. रोटर उभ्या पातळीत येतो. एक पातं सरळ वर धरलं तर बाकी दोन तिरकी खाली, त्यांची टोकं शाफ्टच्या १ मीटर खाली. म्हणजे खांबाचं टोक दीड मीटर उंचीच्या घोडीवर टेकवलं की काम होतं. घोडी दादाकडं सुतारकामाची आहे, पाऊण मीटरची. नवी करायची.

खिळ खांबावर चढून घालावी लागू नये म्हणून तिला स्प्रिंग आणि खालपर्यंत केबल, सायकलच्या ब्रेकची.

१३ जुलै

खिळ बसली, मोटर बसली, चक्की वर. पाऊस असा की विंचचं हँडल हातातून निसटत होतं.

३ ऑगस्ट

मुद्दाम खाली घेतली, बघायला. केबल ओढली, खिळ टक्कन बसली, खांब घोडीवर. एक थेंब सांडला नाही. दादा जुना शर्ट घालून आला होता, त्यानं तो तसाच कोरडा घरी नेला.

तेल मात्र ताकासारखं. झाकण उघडल्यावर आतून पांढरट फेस. पठारावर आठवडे-आठवडे ढग जमिनीवर बसतात. चक्की थांबली की घर गार होतं, आत हवा ओढतं, आणि ती हवा म्हणजे पाणीच. एवढ्या विचारानं केलेली ०.२ ची फट त्याला दरवाजाच.

गिअरच्या दात्यांवर खड्डे नाहीत, पिनियन आरशासारखा. बेअरिंग धुऊन हातानं फिरवलं, गुळगुळीत. वेळेत बघितलं.

उपाय ट्रान्सफॉर्मरवर टांगलेला दिसतो तोच : सिलिका जेलची काचेची बरणी. छोटी मिळाली. झाकणावर बसवली, आणि लॅबिरिंथच्या बाहेर वंगण भरलेली नमद्याची सैल रिंग. बाटली लावली : २८०. दहा ग्रॅम दिले, चालेल.

जेलचा रंग निळा आहे. गुलाबी झाला की दादा तव्यावर भाजून परत भरणार. दुर्बीण धाकट्याकडं आहे, रोज शाळेतून आला की रंग सांगायचा.

२४ ऑगस्ट

जेल अजून निळाच, तळाला थोडा जांभळा. नमदा टिकतोय असं दिसतंय.

दादाचा सकाळी फोन. "काल रातच्याला पांढरी पाचवर हुती. मधी एकदा काळी चारला टेकली आन् उतरली." लॉगर (आरपीएमची नोंद ठेवणारं यंत्र) उघडून बघितला. रात्री १ वाजून ४० मिनिटं, २८४ आरपीएम.

हॉबिंगवाल्या काकांकडून हेलिकल (तिरक्या दात्यांच्या) जोडीचं, ग्राइंडिंगसकट, कोटेशन आलंय. आवाज जवळजवळ जाईल म्हणतात. दादाला अजून सांगितलेलं नाही.